ऐकणाऱ्यांचा इतिहास
(पांढुर्णा-सौंसर परिसरातील नव्या गाण्यांचा प्रवास)

वाचनालयाची शताब्दी साजरी होते तेव्हा ग्रंथांची, ग्रंथपालांची आणि देणगीदारांची आठवण आवर्जून काढली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु वाचनालय ज्या समाजात उभे असते त्या समाजाची अभिरुची केवळ छापील पानांवर पोसली जात नाही. ती कानांवरही पोसली जाते. संगीताचा इतिहास आपल्याकडे बहुधा गायकांचा, घराण्यांचा आणि नाटकमंडळ्यांचा म्हणून लिहिला गेला. ज्यांनी ते गाणे ऐकले, आवडले म्हणून दुसऱ्याला ऐकवले, वहीत उतरवून घेतले आणि शेजारच्या गावी पोहोचवले, त्या श्रोत्यांचा इतिहास मात्र अलिखितच राहिला. पांढुर्णा आणि सौंसर हा परिसर अशा इतिहासासाठी विशेष अनुकूल आहे. येथे कोणत्या घराण्याचा उगम झाला नाही, रेकॉर्ड काढणारी कंपनी नव्हती, रेडिओचे केंद्र नव्हते. जे होते ते श्रोतेच होते. प्रस्तुत लेखात त्यांचाच मागोवा घेण्याचा प्रयत्न आहे.

भूमी आणि भाषा

जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी नागपूर होती, आणि छिंदवाडा जिल्ह्यातील सौंसर तहसील ही तिच्या सावलीतच वाढली. पांढुर्णाही तेव्हा याच तहसिलीत होते. सातपुड्याच्या पठारावरचा छिंदवाडा आणि घाटाखालचा कापसाचा, पुढे संत्र्यांचा हा मुलूख यांत बोलीचा, पेहरावाचा आणि सणवारांचा फरक सहज जाणवे. घाटाखाली घरोघरी मराठी बोलली जाई, तीही नागपुरी-वऱ्हाडी वळणाची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. छिंदवाडा जिल्हा मात्र आपल्या मराठी भाषिक तहसिलीसह नव्या मध्य प्रदेशात राहिला. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, शाळा-कचेऱ्यांची भाषा हिंदी झाली. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी राज्याची सीमा होती तेथेच आहे.

ही सीमा कागदावर ठळक असली तरी रेल्वेने ती कधी फारशी मानली नाही. इटारसी-नागपूर हा मोठा लोहमार्ग १९२०च्या दशकात पूर्ण झाला आणि पांढुर्णा त्यावरचे स्थानक झाले. नरखेड आणि काटोल ओलांडले की नागपूर, अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. सौंसर, रामाकोना, लोधीखेडा ही गावे नागपूर-छिंदवाडा या छोट्या गाडीने नागपूरला जोडलेली होती. ती छोटी गाडी २०१५ साली रुंदीकरणासाठी बंद होईपर्यंत धावत होती. बाजारहाट, दवाखाना, महाविद्यालय, लग्नाचा बस्ता अशा कोणत्याही निमित्ताने माणूस नागपूरला जाई आणि परतताना पिशवीत काहीतरी नवे घेऊन येई. त्या पिशवीत अनेकदा गाणेही असे.

यंत्राआधीचे नवे गाणे

नव्या गाण्याची ओढ यंत्रांनी निर्माण केली, असा समज असतो. तो खरा नाही. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हटल्या जातात. जुन्या झडत्या सर्वांना पाठ असतात, पण मान मिळतो तो नव्या झडतीला. सावकार, पाऊस, कापसाचे भाव, गावचे राजकारण असे त्या वर्षाचे जे दुखणे असेल ते तिच्यात येते. दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते, आणि तिच्या गर्दीत आसपासच्या गावांची माणसे एकत्र येतात. पोळ्याला एका गावात उठलेली झडती दुसऱ्या गावी पोहोचायला यापेक्षा अनुकूल दिवस कोणता? आज त्या दिवसाची ओळख रक्तपाताशी जोडली गेली आहे आणि त्याबद्दलची चिंता रास्तच आहे. परंतु माणसे जमली की शब्दही जमतात, हेही त्याबरोबर ध्यानात घ्यावे.

मुलींचे क्षेत्र वेगळे. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाईची गाणी चालत. मुली रोज घरोघर जात, गाणी म्हणत, डब्यातला खाऊ ओळखत. ज्या घरात बाहेरगावची सून आलेली असे तेथे एखादे अनोळखी गाणे मिळे, आणि दुसऱ्या दिवशी ते साऱ्या आळीचे होई. सासर आणि माहेर यांच्यामधली ये-जा हीच त्या गाण्याची टपालव्यवस्था होती. कार्तिकातला काकडा, एकादशीचे भजन आणि जत्रेतली खडी गंमत ही त्याच व्यवस्थेची आणखी काही ठाणी.

या परंपरेला विसाव्या शतकात एक नवे वळण दिले ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८). अमरावती जिल्ह्यातील यावली हे त्यांचे जन्मगाव आणि मोझरीचा गुरुकुंज ही कर्मभूमी. त्यांनी भजने मराठीत रचली आणि हिंदीतही. खंजिरीच्या ठेक्यावर ती म्हटली की श्रोत्याला सूर जुळवायला वाद्यांचा मोठा संच लागत नसे. एक खंजिरी, एक पाठ झालेला चरण आणि मागे म्हणणारे चारजण एवढे पुरे. द्वैभाषिक सीमाभागाला असा संतकवी लाभणे ही लहान गोष्ट नव्हे. गुरुदेव सेवा मंडळांच्या सामुदायिक प्रार्थनेतून आणि भजनांतून नवी रचना खेड्यापर्यंत जाण्याचा एक सुसंघटित मार्गच तयार झाला.

तबकडी, भोंगा आणि चोपडी

भारतातील ग्रामोफोनच्या व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ साली कलकत्त्यास झाला. १९०८ साली तेथेच, सियालदह भागात, तबकड्या तयार करण्याचा कारखाना निघाला. लाखेच्या त्या तबकडीची एक बाजू जेमतेम साडेतीन मिनिटे चाले. प्रत्येक बाजूनंतर चावी द्यायची, सुई बदलायची. मैफलीत तासभर फुलणारा राग किंवा रंगभूमीवर वन्समोअर घेत लांबणारे पद या साडेतीन मिनिटांत बसवणे ही गायकांना नवी शिस्त होती, तर श्रोत्यांना नवी सोय. एकच गाणे, अगदी त्याच हरकतीसह, पुन्हा पुन्हा ऐकता येऊ लागले. ज्याने बालगंधर्वांचे नाटक कधी पाहिले नाही त्यालाही बालगंधर्वांचे पद पाठ होऊ लागले.

मराठी भावगीताच्या ध्वनिमुद्रिकांची परंपरा सामान्यतः मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’ या कवितेपासून मानली जाते. १९३०च्या दशकाच्या आरंभी जी. एन. जोशी यांनी ती गाऊन तबकडीवर आणली. कवी वऱ्हाडातला, वकिलीचा व्यवसाय करणारा. त्याचा संग्रह प्रसिद्ध झाला तो पुढे १९५४ साली. म्हणजे हजारो रसिकांनी ही कविता पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी कानांनी वाचली होती. कविता आधी ऐकली जाते आणि मग तिचे पुस्तक शोधले जाते हा क्रम वाचनालयांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्याचा विचार पुढे करू.

ग्रामोफोन ही सर्वांच्या घरची वस्तू नव्हती. तो एखाद्या मालगुजाराच्या वाड्यावर, एखाद्या वकिलाच्या बैठकीत किंवा व्यापाऱ्याच्या पेढीवर असे. परंतु आवाज भिंत मानत नाही. ओट्यावर बसून ऐकणाऱ्याला कोणी उठवीत नसे, निदान काहींना तरी. गावात सर्वांना बैठकीत प्रवेश नव्हता आणि सर्वांना ओट्यावरही नव्हता, हे या इतिहासात नमूद केलेच पाहिजे. त्या दृष्टीने खरा समतेचा संचार झाला तो लाउडस्पीकरचा. लग्नाच्या मांडवात भोंगा बांधला की रेकॉर्डवाला आपल्या पेटीतून तबकड्या काढी, आणि गावकुसाच्या आतबाहेर सर्वत्र तेच गाणे एकाच वेळी पोहोचे. लग्नसराई म्हणजे नव्या गाण्यांचाही हंगाम असे. अमुक लग्नात वाजलेले गाणे तमुक मांडवात वाजले नाही तर वऱ्हाडी रुसत, अशा गोष्टी जुनी माणसे हसत हसत सांगत.

बोलपट आल्यावर आणखी एक साधन मिळाले. ते म्हणजे गाण्यांची चोपडी. चित्रपटगृहाच्या वा फिरत्या सिनेमाच्या तंबूच्या दारात काही पैशांना मिळणारी ती पातळ पुस्तिका. तिच्यात कथेचा सारांश असे आणि गाण्यांचे शब्द असत. चित्रपट एकदाच पाहायला मिळे, चोपडी मात्र घरी येई, हातोहात फिरे, उतरवून घेतली जाई. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला. त्यासाठी शांताराम आठवले यांनी रचलेला एक अभंग लोकांनी तुकोबांचाच समजून भजनांत घेतला, आणि गाथेत तो कोठे आहे याचा शोध जाणकारांनीही घेतला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. नवे गाणे इतके आपले झाले की त्याचे नवेपणच लोपले. श्रोत्याने दिलेली याहून मोठी पावती कोणती?

भजनी मंडळांनी चित्रपटगीतांचा दुसराही एक उपयोग केला. भजनांच्या छापील पुस्तिका चाळल्या तर अनेक रचनांच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या लोकप्रिय गीताचे नाव दिलेले दिसते. स्वरलिपी कोणाला येत नव्हती, शिकवायला गुरू नव्हता. तेव्हा सर्वांना ठाऊक असलेले गाणे हीच स्वरलिपी झाली. नवे गाणे आधी माहीत असणे ही म्हणून केवळ हौस राहिली नाही. मंडळात ज्याला नवी चाल आधी कळे त्याचा शब्द वजनदार ठरे.

रेडिओचे पर्व

१६ जुलै १९४८ रोजी आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले, आणि या परिसराच्या श्रवणजीवनात सर्वांत मोठा बदल घडला. नागपूरच्या मध्यमलहरी पांढुर्णा-सौंसरपर्यंत विनासायास येत. त्या राज्याची सीमा मानत नव्हत्या, आठ वर्षांनी सीमा आखली गेल्यावरही त्यांनी ती मानली नाही. भोपाळचे केंद्र १९५६ साली, नव्या राज्याच्या जन्माच्या सुमारास सुरू झाले. पण घाटाखालच्या घरांत सुई नागपूरवर स्थिरावलेली असे. कामगारांचे आणि शेतकऱ्यांचे कार्यक्रम, भावगीते, नाट्यपदे, वऱ्हाडी बोलीतले संवाद या सर्वांमुळे सरकारी व्यवहारातून मागे सरलेली मराठी घरात रोज नव्याने बोलत राहिली.

या काळातील एक विरोधाभास लक्षणीय आहे. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले डॉ. बा. वि. केसकर हे मूळचे पुण्याचे आणि अभिजात संगीताचे कडवे अभिमानी होते. चित्रपटगीतांनी अभिरुची बिघडते या विश्वासाने त्यांनी आकाशवाणीवरील त्यांचे प्रमाण घटवले. निर्मात्यांशी वाद झाला आणि काही काळ ती गाणी जवळजवळ नाहीशीच झाली. श्रोत्यांनी काय केले? त्यांनी सुई फिरवली आणि लघुलहरींवर रेडिओ सिलोन लावला. ३ डिसेंबर १९५२ रोजी तेथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानी यांचा आवाज येई. आरंभी गीतांचा क्रम ओळखण्याची स्पर्धा असे, पहिल्याच भागाला सुमारे नऊ हजार पत्रे आली, आणि वर्षभरात तो आकडा आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत गेल्याचे सयानी सांगत. १९५४ पासून तिचे रूपांतर लोकप्रियतेच्या क्रमवारीत झाले. आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू केली, ती या सिलोनच्या यशाला दिलेले उत्तर होते.

परंतु केसकरांच्या धोरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्यांच्याच कारकिर्दीत, १९५२ साली, संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलने भरू लागली. ज्या गावात कधी तंबोरा जुळला नव्हता तेथे मोठमोठ्या गवयांचा आवाज रात्री पोहोचला. बुधवारी सिलोन आणि शनिवारी राष्ट्रीय कार्यक्रम ऐकणारा माणूस हा या परिसरातला दुर्मिळ प्राणी नव्हता. अभिरुचीचे असे सोवळे-ओवळे वाटप दिल्लीत होत असेल. येथे तर एकच संच, एकच बॅटरी आणि एकच आळी होती.

क्रमवारी ठरवताना केवळ रेकॉर्डविक्रीच्या आकड्यांवर विसंबून चालत नाही, हे ध्यानात आल्यावर गीतमालेच्या संयोजकांनी देशभरच्या श्रोता संघांची मते मागवण्यास सुरुवात केली. श्रोता संघ ही संस्था आपल्या सांस्कृतिक इतिहासात दुर्लक्षित राहिली आहे. दहा-वीस मित्र, एखादे घड्याळदुरुस्तीचे वा शिलाईचे दुकान, एक रेडिओ आणि एक रबरी शिक्का एवढ्यावर संघ उभा राही. फर्माइशीच्या पोस्टकार्डावर साऱ्यांची नावे ओळीने लिहिली जात. तिकडे बिहारातील (आता झारखंडातील) झुमरीतलैया आणि आपल्याच जुन्या मध्य प्रदेशातील (आता छत्तीसगडातील) भाटापारा ही गावे केवळ फर्माइशींमुळे देशाला ठाऊक झाली. लहान गावाला आपले नाव दूरच्या केंद्रावरून ऐकण्याची असोशी का असावी, हे मोठ्या शहराला सहजी कळणार नाही. ज्या गावाची दखल वर्तमानपत्र केवळ अपघात, दंगल आणि जत्रा यांसाठी घेते, त्या गावाचे नाव एका सुंदर गाण्याच्या आधी उच्चारले जाणे हा एक प्रकारचा नागरी सन्मानच होता. माझ्या शाळकरी वयात, १९८०च्या सुमारास, पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर किती नावे बसवता येतात याची मुलांत चढाओढ लागे. नाव वाचले गेले की त्या दिवशी चौकात त्याचीच चर्चा असे, आणि गाण्याला आपोआप दहा नवे चाहते मिळत.

१९५६ : एका शरद ऋतूतील दोन घटना

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर अठराव्या दिवशी नवी राज्ये अस्तित्वात आली. सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी माणसाच्या आयुष्यात या दोन्ही घटना एकाच ऋतूत घडल्या. दुसऱ्या घटनेने त्याला नागपूरपासून शासकीय दृष्ट्या तोडले, तर पहिलीने असंख्य कुटुंबांना नागपूरशी कायमचे जोडले. दर वर्षी विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाणे हा परिपाठ झाला. तेथल्या पुस्तकांच्या दुकानांत ग्रंथांशेजारी भीमगीतांच्या पुस्तिका, आणि पुढे कॅसेटी, मांडलेल्या असत. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या लोककवींची गीते रेडिओच्या किंवा मोठ्या कंपन्यांच्या कृपेने पसरली नाहीत. ती गायन पार्ट्यांच्या जलशांतून, कव्वालीच्या सामन्यांतून, हाती लिहिलेल्या वह्यांतून आणि दीक्षाभूमीवरून परतणाऱ्या पिशव्यांतून पसरली. ज्याला बैठकीच्या ओट्यावर जागा नव्हती त्याने आपली मैफल आपण उभी केली, आणि नव्या गाण्याची वाट पाहणारा सर्वांत जागरूक श्रोतृवर्ग तेथे घडला. वाचनालयाच्या दृष्टीने विशेष हे की या श्रोत्यांसाठी गाणे आणि ग्रंथ एकाच दुकानात, एकाच दिवशी मिळत होते.

त्याच सुमारास, १ एप्रिल १९५५ ते १९ एप्रिल १९५६ या काळात, पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकर यांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत, आणि मूळ कल्पना केंद्रावरील अधिकारी सीताकांत लाड यांची. छप्पन्न गीते, दर आठवड्याला एक. आठवड्याला एकच गीत मिळणे यातच त्याच्या प्रसाराचे मर्म आहे. सात दिवस त्या एका गीतावर बोलणे होई, चाल गुणगुणली जाई, पुढच्या प्रसंगाचे कुतूहल राही. १९५७ साली केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने ते पुस्तकरूपाने काढले. येथे पुन्हा तोच क्रम दिसतो. आधी कान, मग पान. ज्यांना गीत पूर्ण हवे होते, ज्यांच्या वहीत एक कडवे सुटले होते, ते पुस्तकाकडे वळले. काव्यसंग्रह सहसा कपाटातून हलत नाहीत अशी ग्रंथपालांची तक्रार सार्वत्रिक आहे. ज्या कविता गायिल्या गेल्या त्यांच्या बाबतीत ती खरी ठरत नाही. सुरेश भटांची (१९३२–२००३) गझल हे त्याचे आपल्या बाजूचे ठळक उदाहरण. अमरावतीच्या या कवीकडे अनेक वाचक आले ते त्याच्या गायिल्या गेलेल्या रचनांच्या मागोमाग.

गाण्यांची वही

या साऱ्या प्रवासाचा सर्वांत बोलका दस्तऐवज म्हणजे गाण्यांची वही. शंभर पानी, रेघांची, पुठ्ठ्यावर नाव घातलेली. रेडिओवर गाणे एकदाच लागे आणि थांबवता येत नसे. म्हणून दोघीतिघी मिळून लिहिण्याची युक्ती निघाली. एकीने पहिली ओळ घ्यायची, दुसरीने दुसरी, आणि गाणे संपल्यावर दोन्ही कागद जुळवायचे. तरीही जे निसटे तेथे मोकळी जागा सोडली जाई, पुढच्या वेळी भरण्यासाठी. कित्येक वह्यांत अशी जागा कधीच भरली गेलेली नाही.

‘दोघी’ हा शब्द येथे जाणून वापरला आहे. चौकातील पानाचा ठेला, घड्याळजीचे दुकान, श्रोता संघ हे सगळे पुरुषांचे विश्व होते. स्त्रियांना त्यात स्थान नव्हते. रेडिओ घरात आला, आणि पुढे ट्रान्झिस्टरमुळे तो स्वयंपाकघरात व शेताच्या बांधावर गेला, तेव्हा नव्या गाण्याच्या दुनियेत त्यांचा प्रवेश झाला. भुलाबाईच्या फेरातून ज्या मुलींना गाणी टिपण्याची आणि वाटण्याची सवय होती, त्यांनीच पुढे वह्या भरल्या. लग्न होऊन जाताना ती वही पेटीतून सासरी गेली. त्यामुळे वहीत अर्ध्यावर गावाबरोबर अक्षर बदललेले दिसते, कधी शाईही.

या वह्यांत भाषेचा इतिहासही उमटला आहे. मराठीच्या अध्यापनाच्या निमित्ताने विद्यार्थ्यांच्या घरच्या काही वह्या मला पाहावयास मिळाल्या. जुन्या पिढीच्या वहीत, म्हणजे ज्यांचे शिक्षण मराठी शाळेत झाले त्यांच्या हस्ताक्षरात, ‘ळ’ ठसठशीत आहे. पुढच्या पिढीचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. लिपी तीच, म्हणून गाणे लिहिता आले. परंतु हिंदीच्या वर्गात ‘ळ’ शिकवला गेला नव्हता, म्हणून वहीत ‘काळा’चा ‘काला’ आणि ‘सावळ्या’चा ‘सावल्या’ झाला. गंमत अशी की तीच मुलगी गाताना ‘ळ’ अचूक उच्चारते. शाळेने जे अक्षर दिले नाही ते गाण्याने तिच्या जिभेवर ठेवले. सीमाभागातील मराठी कशी टिकली या प्रश्नाची चर्चा आपण ठरावांच्या आणि निवेदनांच्या भाषेत करतो. त्या प्रश्नाचे एक साधे उत्तर या वह्यांच्या पानापानांवर आहे. लोकांना मराठीतले काहीतरी नवे सतत हवेसे वाटत होते, आणि ते मिळाल्यावर दुसऱ्याला द्यावेसे वाटत होते. केवळ जुन्याच्या अभिमानावर भाषा टिकत नाही. तिच्यात उद्या काय नवे येणार याची वाट पाहणारी माणसे लागतात.

कॅसेटचा काळ आणि नंतर

१९८०च्या दशकात कॅसेट आली आणि निवडीचा अधिकार श्रोत्याच्या हाती आला. कोरी कॅसेट घ्यायची, साठ मिनिटांची किंवा नव्वद मिनिटांची. आवडत्या गाण्यांची यादी करून दुकानदाराला द्यायची, आणि चार दिवसांनी भरलेली कॅसेट घ्यायची. कायद्याने हे मान्य नव्हते. अशा नकलांना आळा घालण्यासाठी १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्तीही झाली. परंतु ज्या गावात मूळ कॅसेटी मोजक्याच येत, तेथे ही भरलेली कॅसेट हेच नव्या गाण्याचे वाहन होते. तिच्यातील निवड आणि क्रम यांतून देणाऱ्याचा स्वभाव कळे. एका बाजूला ‘कट्यार काळजात घुसली’तील वसंतराव देशपांडे, दुसऱ्या बाजूला लता मंगेशकर आणि शेवटी उरलेल्या चार मिनिटांत खंजिरीचे भजन, अशी कॅसेट भेट म्हणून मिळाली की देणाऱ्याचे सारे घरच आपल्या घरी आल्यासारखे वाटे. वसंतरावांचे शिक्षण नागपूरचे, म्हणून ते येथल्या श्रोत्यांना अधिकच आपले.

दूरदर्शन, सीडी आणि नंतरचा भ्रमणध्वनी यांची कथा सर्वांच्या डोळ्यांसमोरची आहे. तिचा विस्तार करीत नाही. आज एका बोटाच्या स्पर्शाने जगातले कोणतेही गाणे हजर होते, आणि क्षणात ते दुसऱ्याला पाठवताही येते. ही सोय कमी लेखण्याचे कारण नाही. जे नाट्यपद ऐकण्यासाठी आमच्या वडीलधाऱ्यांना नागपूर गाठावे लागे ते आज मोहगावच्या शेतात ऐकता येते. ज्यांना पूर्वी ओट्यावर बसू दिले जात नव्हते त्यांना आता कोणाच्या ओट्याची गरज उरली नाही. फरक पडला तो एवढाच की गाणे मिळवण्याला लागणारे माणसांचे साहाय्य आता लागत नाही. अपुरे कडवे भरून घेण्यासाठी शेजारणीकडे जावे लागत नाही. त्या जाण्यायेण्यातून जो समाज विणला जात होता त्याची जागा घेणारे काही निर्माण झाले आहे का, हा प्रश्न मात्र उरतो.

वाचनालयाकडून एक अपेक्षा

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि तेथील वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळाला. सीमेच्या या बाजूच्या मराठी वाचनालयांना त्या कायद्याची छाया नव्हती. ती टिकली ती वाचकांच्या वर्गणीवर आणि चिकाटीवर. ज्या चिकाटीने ग्रंथ जपले गेले, त्याच चिकाटीने आता श्रोत्यांची ही संपत्ती जपली जावी, अशी विनंती शताब्दीच्या निमित्ताने करावीशी वाटते.

करावयाचे काम फार खर्चाचे नाही. घरोघरच्या गाण्यांच्या वह्या, सिनेमाच्या चोपड्या, भजनांच्या आणि भीमगीतांच्या पुस्तिका, श्रोता संघांचे शिक्के आणि पत्रव्यवहार मागवून घ्यावेत. मूळ प्रत द्यावयाची नसेल तर छायाप्रत घ्यावी. घरात मुद्रित केलेल्या कॅसेटी, ज्यांत एखाद्या आजीच्या भुलाबाईच्या गाण्यांचा किंवा पोळ्याच्या झडत्यांचा आवाज असेल, त्या आधी वाचवाव्यात. चुंबकीय फीत ओलाव्याने आणि बुरशीने खराब होते, आणि ती वाजवणारी यंत्रेही आता दुर्मिळ होत आहेत. प्रत्येक वहीबरोबर ती कोणत्या गावची, कोणत्या काळातली, कोणाकडून कोणाकडे आली याची नोंद घ्यावी. भजनी मंडळाची वही आणि गायन पार्टीची वही एकाच कपाटात, शेजारी शेजारी ठेवावी. हयातीत ज्या दोन मैफली एकमेकींपासून दूर भरल्या त्यांची वाचनालयात तरी एक रांग व्हावी.

ज्येष्ठ श्रोते आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या वह्यांत सुटलेल्या जागा भरून देणारे कोणी अजून गावात असेल, तर ते हेच. पुढील दहा वर्षांत हे काम झाले नाही तर नंतर ते कोणालाच करता येणार नाही.